मदत हवी आहे: भोक पाडलेल्या, झिजलेल्या पोर्तुगीजकालीन नाण्यांच्या ऑनलाइन किमती कितपत खऱ्या?

नमस्कार मंडळी,

डिचोलीतील आमच्या मामांच्या जुन्या घरात पोर्तुगीज अमदानीतली काही नाणी सापडली असून त्यांच्या किमतीवरून घरात रोज वाद होत आहेत. त्यांत १९५२ चा एक रुपया आहे, ज्याला गळ्यात घालण्यासाठी कडेजवळ भोक पाडलेले आहे. शिवाय काही काळवंडलेले तांगे (रुपयाहून कमी मूल्याची तेव्हाची नाणी) आणि १९५८-५९ सालची दहा व तीस सेंतावांची (सेंताव म्हणजे पोर्तुगीज चलनातले पैशासारखे लहान एकक) ब्राँझची नाणी आहेत. (एक तांगा मामींनी चिंचेने घासून लख्ख केला आहे, त्याबद्दल काही न बोललेलेच बरे.)

असाच भोक पाडलेला १९५२ चा रुपया एका संकेतस्थळावर 'चांदीचा, अतिदुर्मीळ' म्हणून लाखाच्या घरात विक्रीला ठेवलेला मामांनी पाहिला. माझ्या माहितीप्रमाणे निम्म्या चांदीचा रुपया १९४७ चा होता आणि १९५२ चा तांबे-निकेलचा आहे, म्हणजे तिथे धातूच चुकीचा सांगितला आहे. दुसऱ्या एका जाहिरातीत एका बाजूने चेपलेले तीस सेंतावांचे नाणे 'टांकसाळीतील चूक' म्हणून दाखवले आहे. खऱ्या चुकीत, उदाहरणार्थ छाप उमटवण्याआधीची कोरी चकतीच अपुरी कापली गेली असेल तर, तुटक्या भागाच्या बरोबर समोरची कडही बहुधा अस्पष्ट उमटते. इथे मात्र अक्षरे चिरडलेली आणि कड बाहेर ढकललेली दिसते, जे हातोड्याचे काम वाटते. वजन विचारले तर विक्रेता उत्तर देत नाही.

मामांचे म्हणणे असे की, कोणी एवढे मागतो म्हणजे कोणीतरी देतही असेल. मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष झालेला व्यवहार यांतला फरक त्यांना पटत नाही. मध्यंतरी एका 'खरेदीदाराने' फोनवरून रिझर्व्ह बँकेच्या नावाने आगाऊ नोंदणी शुल्क मागितले, तेव्हा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये अशाच फसवणुकीविरुद्ध काढलेले निवेदन दाखवून मी तो व्यवहार थांबवला. जाहिरातींतल्या आकड्यांविरुद्ध मात्र दाखवायला माझ्याकडे काही नाही.

म्हणून जाणकारांना विनंती आहे की, भोक पाडलेल्या किंवा घासलेल्या अशा नाण्यांना संग्राहक प्रत्यक्षात काय देतात, आणि लिलावात विकल्या गेलेल्या नाण्यांच्या अंतिम किमती सर्वसामान्यांना कुठे पाहता येतात, ते कृपया सांगावे. चेपलेल्या नाण्याबद्दलचा माझा तर्क चुकत असल्यास तेही निःसंकोच लिहावे. पणजी, म्हापसा किंवा मडगाव येथे खरेदीचा आग्रह न धरता नाणी पाहून मत देणारे कोणी असल्यास मी मामांना घेऊन येऊ शकते. वजने आणि कडांसह दोन्ही बाजूंची छायाचित्रे उद्यापर्यंत याच धाग्यावर देते.