वापरलेल्या अणुइंधनाची साठवण वाढवायचा प्रस्ताव आला तर ईआयए अहवालात काय तपासायचं?

खाडीकाठ_पालघर

नमस्कार मंडळी. तारापूर असो किंवा उद्याचं जैतापूर, प्रकल्पाच्या आवारात 'स्पेंट फ्युएल'ची साठवण क्षमता वाढवण्याचा प्रस्ताव कधी ना कधी येणारच. ईआयएचा (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचा) मसुदा अहवाल जाडजूड असतो आणि हातात जेमतेम महिना. म्हणून ग्रामपंचायत आणि मच्छीमार सोसायटीतल्या लोकांसाठी आधीच टिपण करून ठेवायचं आहे. जनसुनावणी होतेच का? अहवालातले कोणते आकडे आधी बघायचे? आणि समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याचा मुद्दा लावून धरावा का? 'सगळं सुरक्षित आहे' आणि 'सगळं बंद करा' ही दोन्ही उत्तरं पाठ आहेत, ती नकोत.

जांभा_सडा

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सुनावणीतला अर्धा वेळ तिथेच वाया जातो. गरम पाणी हा अणुभट्टीच्या कंडेन्सरचा, म्हणजे टर्बाइनमधली वाफ थंड करून पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राचा, विषय आहे. तारापूरचं ५४० मेगावॉटचं एक युनिट सुमारे १७३० मेगावॉट उष्णता तयार करतं. वीज वजा जाता हजाराहून जास्त मेगावॉट समुद्रात जाते. साठवणीतल्या जुन्या इंधनाची उष्णता एक मेगावॉट धरली, तरी ती याच्या हजारावा भागही नाही. हा मुद्दा मांडलात की समोरचा तज्ज्ञ दोन मिनिटांत खोडून काढतो आणि तुमचे बाकीचे मुद्देही हलके ठरतात. जैतापूरच्या सहा अणुभट्ट्यांच्या मंजुरीत तो जरूर मांडा, इथे नको.

आता आकडे. पहिला आकडा इंधन किती आणि किती वर्षांचं, हा. तो स्वतः काढून बघता येतो. याच युनिटमध्ये इंधनाच्या प्रत्येक टनातून साधारण ७००० मेगावॉट-दिवस उष्णता मिळते. १७३० भागिले ७०००, म्हणजे पूर्ण क्षमतेने चालताना रोज पाव टन इंधन बाहेर पडतं. एका बंडलमध्ये (इंधनाच्या नळ्यांच्या जुडग्यात) १९ किलोच्या आसपास युरेनियम असतं, म्हणजे रोज तेरा बंडलं. वर्षाला ८५ टक्के चाललं तर ७५ टनांच्या आसपास. अहवालात 'अमुक इतक्या बंडलांची जागा' असं लिहिलेलं असेल त्याला या हिशोबाने भागा. उत्तर दहा वर्षं आलं आणि अहवालात 'तात्पुरती साठवण' म्हटलं असेल, तर अकराव्या वर्षी काय, हे लेखी विचारा. आपलं धोरण पुनर्प्रक्रियेचं, म्हणजे वापरलेल्या इंधनातलं उपयोगी द्रव्य वेगळं काढण्याचं आहे, इंधन तिकडे जाणार असं सांगतील. मग दर वर्षी किती टन जाणार, कुठल्या प्रकल्पात आणि कुठल्या रस्त्याने, हे कोष्टक अहवालात हवं. ते नसेल तर 'तात्पुरती' या शब्दाला काही आधार नाही. माझ्या मते अख्ख्या अहवालातला हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

नियमवही

प्रक्रियेबद्दल. २००६ च्या ईआयए अधिसूचनेच्या सूचीत अणुऊर्जा प्रकल्प आणि अणुइंधनावरची प्रक्रिया १(ई) मध्ये, सरसकट 'अ' वर्गात आहेत. म्हणजे निर्णय दिल्लीत. साठवणीचं वेगळं नाव सूचीत नाही, त्यामुळे प्रस्ताव बहुधा जुन्या मंजुरीचा विस्तार म्हणून परिच्छेद ७(२) खाली जातो. तिथे ईआयए आणि जनसुनावणी लागेल की नाही, हे तज्ज्ञ मूल्यांकन समिती ठरवते. सुनावणी होईलच असं धरून चालू नका. शिवाय केंद्राने 'सामरिक' ठरवलेल्या प्रकल्पांना लोकसल्लामसलतीतून सूट आहे. आणखी एक खोच: तारापूरची पहिली दोन युनिटं १९६९ ची आणि ईआयए अधिसूचना पहिल्यांदा आली १९९४ मध्ये. म्हणजे 'कुठल्या मूळ मंजुरीचा विस्तार?' हा प्रश्न पहिल्याच पत्रात टाका.

सुनावणी लागली तर ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात जाहिरात देऊन. सारांश मराठीत मिळायलाच हवा. अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी. पूर्ण चित्रीकरण होतं आणि शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवावं लागतं. ते वाचन होईपर्यंत उठू नका; आपला मुद्दा गाळला गेला असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. गणपूर्तीची अट नाही, त्यामुळे बहिष्कार टाकला म्हणून सुनावणी अडत नाही. मोकळेपणाने मतं मांडता येण्यासारखी परिस्थिती नाही असा अहवाल वर गेला, तर सुनावणी वगळण्याचीही तरतूद आहे. लेखी हरकती वेगळ्या द्या, पोच घ्या.

कुडनकुलमचं उदाहरण माहीत असू द्या. अणुभट्टीबाहेरच्या साठवणीसाठी १० जुलै २०१९ ला सुनावणी जाहीर झाली होती, ती पुढे ढकलली गेली. ती साठवण बांधायला सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ पर्यंत मुदत वाढवून दिली होती. अणुभट्ट्या आधी सुरू झाल्या, जागेचा प्रश्न मागाहून.

खारा_वारा

वरच्या दोघांशी सहमत, पण कोकणापुरत्या दोन गोष्टी राहिल्या.

पहिली, कोरडी साठवण असेल तर डबा कशाचा? इंधन स्टेनलेस स्टीलच्या डब्यात वेल्ड करून काँक्रीटच्या कवचात ठेवलं, तर थंड करायला बाहेरची हवा आत खेळवतात. आपल्याकडे त्या हवेसोबत मीठ आत जातं. डबा चांगला गरम असेपर्यंत मीठ कोरडं राहतं, काही होत नाही. पंधरा-वीस वर्षांनी तो निवतो आणि मग पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला सुटतं तसं या थराला पाणी सुटतं. वेल्डच्या शेजारी धातूत आधीच ताण असतो, तिथे क्लोराइडमुळे केसासारखे तडे जातात. म्हणजे धोका सुरुवातीला कमी आणि नंतर वाढता. अहवालात 'रचना आयुष्य ५० वर्षं' एवढंच असेल तर पुरेसं नाही. स्टीलची जात, वेल्डवरचा ताण काढण्याची पद्धत, डब्याच्या पृष्ठभागावरचं मीठ किती वर्षांनी मोजणार आणि तडा सापडला तर डबा उघडायची सोय आवारात आहे का, हे विचारा. शेवटचा प्रश्न बहुतेकांना सुचत नाही. फ्युएल पूल (वापरलेलं इंधन बुडवून ठेवायचा पाण्याचा हौद) मोडून टाकला असेल तर नादुरुस्त डबा न्यायचा कुठे?

दुसरी, भूजल. ईआयएसाठी साधारणपणे एका हंगामाची मोजमापं घेतात, तीही पावसाळा सोडून. जैतापूर प्रकल्पाच्या माडबनसारख्या जांभ्याच्या सड्यावर हे चालणार नाही. मे महिन्यात विहीर तळाला गेलेली असते आणि जुलैत पाणी जांभ्यातून धावत खाली झऱ्यांना लागतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि प्रवाहाची दिशा ठरवायची कोरड्या दिवसांतल्या पातळीवरून! पूलच्या स्टीलच्या अस्तराला गळती लागली तर पाण्यासोबत सगळ्यात पुढे धावतं ते ट्रिशियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. म्हणून आधारभूत नोंदीत गावविहिरींच्या ट्रिशियमची पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली मोजणी हवी. ती आधी नसेल तर पुढे गळती झाल्याचं सिद्ध कसं करणार? मासे, कालवं आणि समुद्री शेवाळातल्या किरणोत्सारी सिझियम-१३७ बाबतही हेच.

खाडीकाठ_पालघर

खूपच उपयोगी, आभार. अजून एक: वीज गेली तर पूलचं काय? आणि आयोडीनच्या गोळ्यांची मागणी करावी का?

जांभा_सडा

गोळ्या नकोत. त्या फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवतात. आयोडीन-१३१ चा अर्धायुष्यकाळ आठ दिवसांचा. काही वर्षं जुन्या इंधनात ते उरतच नाही. तिथे प्रश्न सिझियम-१३७ चा, त्याचं अर्धायुष्य ३० वर्षं, आणि त्यावर ही गोळी चालत नाही.

वीज गेली तर किती वेळ हातात आहे, हे तासांत विचारा. नमुन्यादाखल हिशोब: १५०० घनमीटर पाणी, ५०० किलोवॉट उष्णता, ३५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत जायला नऊ दिवसांहून जास्त. त्यानंतर रोज साधारण १९ टन वाफ. पूल १२५ चौरस मीटरचा असेल तर पातळी एक मीटर उतरायला सहा-साडेसहा दिवस. इंधनावर सहसा सात-आठ मीटर पाणी असतं. म्हणजे जुन्या इंधनाच्या पूलला घाई नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य करा. पण अणुभट्टीतून नुकतंच काढलेलं इंधन त्यात आलं तर उष्णता कित्येक पट होते आणि हेच दिवस तासांवर येतात. म्हणून दोन्ही स्थितींचं गणित मागा. बाहेरची वीज किती दिवसांत परत येईल असं धरलंय, तेही बघा. २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात बरेच दिवस अंधार होता.

पूल तोच ठेवून रॅक दाटीवाटीने बसवणार असतील तर इंधन कुठलं ते आधी बघा. ५४० च्या युनिटांचं नैसर्गिक युरेनियम साध्या पाण्यात कसंही रचलं तरी साखळी प्रक्रिया सुरू होत नाही. जुन्या दोन युनिटांचं इंधन समृद्ध युरेनियमचं, तिथे रॅकच्या मधे न्यूट्रॉन शोषणारे बोरॉनचे पत्रे लागतात. पत्रा कशाचा आणि त्याचे नमुने किती वर्षांनी काढून तपासणार, हे विचाराच. अमेरिकेत 'बोराफ्लेक्स' नावाचे पत्रे पूलमध्येच झिजत गेले होते.

नियमवही

मंजुरी मिळाल्यावर वही मिटू नका. अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल प्रकल्पाला १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो, आणि तो जनतेसाठी खुला असतो. आव्हान द्यायचं तर हरित न्यायाधिकरणात ३० दिवसांत, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. आपल्यासाठी पुण्याचं खंडपीठ. मात्र तिथे पर्यावरण मंजुरीच्या त्रुटींवरच बोलायचं. अणुऊर्जा कायदा त्यांच्या अनुसूचीत नाही, त्यामुळे एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) परवान्यावरचा युक्तिवाद तिथे टिकायचा नाही. म्हणून वर सांगितलेलं टनांचं कोष्टक आणि विहिरींच्या नोंदी मंजुरीच्या अटींमध्येच लिहून घ्यायचा आग्रह सुनावणीतच धरा.