जुनं डायव्हर घड्याळ: नवंकोरं करायचं की आहे तसं जपायचं?

काळा_बेझल

नमस्कार मंडळी,

होटगी रोडला राहणाऱ्या एका परिचितांकडे दिवाळीत एक घड्याळ पाहिलं होतं. त्यांचे वडील कुवेतला नोकरीला होते, तिथून आणलेलं सीको ६३०९-७०४०. जाडजूड, उशीसारखी फुगीर केस (घड्याळाचं धातूचं बाहेरचं अंग), चार वाजताच्या जागी चावी, काळी मॅट तबकडी आणि तिच्यावरचे गोल ठिपके पिवळसर पडलेले. मागच्या झाकणावरचा सहा आकडी नंबर ०८ ने सुरू होत होता. या काळातल्या सीकोत पहिला आकडा म्हणजे सालाचा शेवटचा आकडा आणि दुसरा महिन्याचा, म्हणजे ऑगस्ट १९८०. काच खरवडलेली होती, घड्याळ रोज थोडं मागे पडत होतं, बाकी सगळं जागच्या जागी.

परवा तेच घड्याळ पुन्हा पाहिलं. तबकडी आकाशी निळी, काटे नवे, केस बफिंग करून आरशासारखी. "कसं नवंकोरं झालंय बघा," असं ते कौतुकाने सांगत होते. मला बोलवेना.

माझं मत स्पष्ट आहे. मशीन उघडा, धुवा, तेल घाला. रबरी वायसर बदला, काच बदला. पण तबकडी, काटे आणि केस यांना हात लावू नका. १९५३ साली ब्लांपाँचं फिफ्टी फॅदम्स आलं, त्याच सुमारास रोलेक्सचं सबमरिनर, १९६५ ला सीकोचं पहिलं डायव्हर ६२मास. ही पाण्याखाली जीव सांभाळायची साधनं होती. बेझलचा, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्याचा, त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा आणि पाण्यात किती वेळ गेला ते वाचायचं, त्यावर हवेचा हिशोब. त्या कामासाठी त्यांचं रूप ठरलं होतं. ७०४० च्या केसवर वरच्या बाजूला ब्रशचे बारीक किरण असतात आणि बाजूला चकचकीत पॉलिश. दोन्हींच्या मधे एक स्वच्छ धार असते. बफिंगच्या चाकावर ती एकदा गेली की केस वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी दिसते, आणि गेलेला धातू परत येत नाही.

तुम्हाला काय वाटतं?

जुळे_सोलापूर

साफ असहमत.

घड्याळ त्यांच्या वडिलांचं, हात त्यांचा, पैसे त्यांचे. आधी ते कपाटात पडून होतं, आता रोज मनगटावर आहे. यात वाईट काय झालं? पिवळ्या ठिपक्यांचं कौतुक लिलावात बोली लावणाऱ्यांनी सुरू केलं. ज्याच्या बापाने वाळवंटात राबून ते घेतलं, त्याला ते दुकानात जसं दिसलं होतं तसं पाहावंसं वाटलं तर त्याला अडाणी ठरवू नका.

आणि तुम्हीच साधन म्हणालात ना? मग साधनाचं काम बघू. डायव्हर घड्याळाच्या आयएसओ ६४२५ या मानकात अंधारात २५ सेंटीमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे अशी अट आहे. पिवळे पडलेले ठिपके चमकत नाहीत, म्हणजे ते साधन अर्धं मेलेलंच आहे. नवं ल्यूम, म्हणजे अंधारात चमकणारा रंग, भरणारा माणूस त्याला जिवंत करतो. तुमच्या पद्धतीने ते फक्त शोभेचं राहतं.

विहिरीतला_सूर

मध्येच विचारतो, माफ करा. आजोबांचं सिटीझन आहे माझ्याकडे, तबकडीवर १५० मीटर लिहिलंय. मंगळवेढ्याकडे आमच्या शेतातल्या विहिरीत आजोबा ते घालूनच सूर मारायचे. मे महिन्यात पोरं पोहायला येतील. मी घालून उतरू का?

दुकानातला

विहिरीतला_सूर, अजिबात उतरू नका ओ. नवी पेठेच्या बाजूला आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. ते १५० मीटर घड्याळ कारखान्यातून निघालं त्या दिवसाचे. आज त्याला विचारायचं झालं तर वायसरला विचारा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, घड्याळ पत्र्याखालच्या खोलीत वर्षानुवर्षं पडलेलं असतं. झाकण उघडलं की रबर चिमट्याला तुटून तुकड्यांनी येतं, कधी डांबरासारखं चिकटलेलं असतं. चावीतून आपली बारीक धूळ आत गेलेली असते ती वेगळीच. चावी स्क्रूची असेल तर आटे झिजलेले असतात, ती बसल्यासारखी वाटते पण दाबत नाही.

तपासायची पद्धत सांगतो. जाड भांड्यात अर्धं पाणी, घड्याळ वर हवेत टांगायचं. पंपाने दाब चढवायचा आणि थोडा वेळ तसंच ठेवायचं. कुठे फट असेल तर दाबलेली हवा घड्याळात शिरते. मग घड्याळ पाण्यात सोडायचं आणि दाब हळूहळू उतरवायचा. आत शिरलेली हवा त्याच फटीतून बुडबुड्यांनी बाहेर येते. बुडबुडे दिसले की दाब पुरता उतरायच्या आत घड्याळ वर ओढायचं. चावीपाशी बुडबुडे की काचेपाशी, तेवढं बघून काम कळतं. दर दहा मीटरला साधारण एक बार दाब वाढतो, विहिरीला तीन-चार बारची खात्री झाली तरी भरपूर.

आता मूळ वादावर. काळा_बेझल, तुमचं निम्मं पटतं. पण गिऱ्हाईक समोर बसून "नवं दिसलं पाहिजे" म्हणतो तेव्हा त्याला म्युझियमच्या गोष्टी सांगून पोट भरत नाही. तबकडी रंगवणारे जुने कारागीर आहेत, त्यांच्या हातात कला आहे. त्यांना गुन्हेगार समजू नका. फक्त एक करा. ६३०९ ला बाजारात बनवलेली नवी तबकडी मिळते. ती बसवा आणि मूळ तबकडी, मूळ काटे कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्या. रंगवायला पाठवली की जुनी छपाई खरवडली जाते, मग काही उरत नाही. आमच्याकडे आता आम्ही असंच करतो.

आणि जुळे_सोलापूर, ल्यूम भरण्याबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. १९५० च्या दशकातल्या आणि त्याआधीच्या कित्येक घड्याळांत खरं, किरणोत्सर्गी रेडियम आहे. ते चमकत नाही म्हणजे मेलं असं नाही. चमकणारी पावडर जळून गेलेली असते, रेडियम तसंच असतं. त्याचं अर्धआयुष्य सोळाशे वर्षांचं आहे. ब्लेडने खरवडलं की धूळ उडते, ती श्वासात जाते, बोटाला लागून तोंडात जाते. अमेरिकेत तबकड्या रंगवणाऱ्या मुलींची हाडं याच रेडियमने सडली होती, ब्रश ओठांनी टोकदार करताना ते पोटात जायचं. नंतर ट्रिटियम आलं. त्याचं अर्धआयुष्य बारा वर्षांच्या आसपास, म्हणून १९७५ च्या घड्याळात आज जेमतेम सोळावा हिस्सा उरलाय. तबकडीच्या खालच्या कडेला "टी" अक्षर असेल तर ट्रिटियम समजा. पण जुन्या, काहीच न लिहिलेल्या तबकडीवर माझ्या टेबलावर तरी ब्लेड चालणार नाही. कितीही पैसे द्या.

जुळे_सोलापूर

रेडियमचं मान्य, तिथे वाद नाही. पण ६३०९ मध्ये रेडियम नसतं, त्यामुळे मूळ मुद्दा तसाच राहतो.

पेठेतली_संग्राहक

मूळ तबकडी कागदात गुंडाळून देतात हे ऐकून बरं वाटलं, दादा. पण सगळे तुमच्यासारखे नाहीत.

मी दहा-बारा वर्षं जुनी घड्याळं गोळा करते, त्यात डायव्हर जास्त. परदेशातल्या संग्राहकांत "मुंबई स्पेशल" हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. म्हणजे आपल्याकडून गेलेलं, रंगवलेल्या तबकडीचं, तीन घड्याळांचे भाग एकत्र करून जुळवलेलं घड्याळ. कंपनीने कधी न काढलेल्या जांभळ्या-केशरी तबकड्या, जाड पसरट छपाई, ठिपक्यापर्यंत न पोचणारा मिनिटकाटा. फेवर लुबा या मूळच्या स्विस कंपनीची साधी, रोज वापरायची घड्याळं नुसत्या नावात "सी" (समुद्र) आहे म्हणून डायव्हर सांगून विकतात. याच कंपनीने १९६० च्या दशकात बाथी नावाचं, मनगटावरच खोली दाखवणारं घड्याळ बनवलं होतं. इतक्या मोठ्या कामाचं नाव असं वापरलेलं पाहून जीव तुटतो.

याचा फटका प्रामाणिक माणसाला बसतो. सोलापुरातल्या एखाद्या घरात अस्सल, न उघडलेलं ६३०९ असेल आणि अडचणीत विकायची वेळ आली, तर घेणारा पत्ता वाचूनच पुढे जातो. म्हणून "हात त्यांचा, पैसे त्यांचे" हे मला पुरत नाही. प्रत्येक रंगवलेली तबकडी शेवटी बाजारात येते, आणि तिथे तिचा खरा इतिहास कोणीच सांगत नाही.

घेणाऱ्यांसाठी एवढंच. सीकोच्या तबकडीच्या अगदी खालच्या कडेला बारीक अक्षरांत नंबर असतो. भिंग लावा आणि मागच्या झाकणावरच्या मॉडेल नंबराशी त्याचा मेळ बसतो का बघा. रंगवलेल्या तबकडीवर तो नंबर बहुतेक गायब तरी असतो नाहीतर फुगलेला.

जुळे_सोलापूर

ताई, फसवून विकणं चूकच. पण फसवणारा विकणारा असतो, रंगवून घेणारा मुलगा नाही. त्याला विकायचंच नाहीये.

आणि मला रेघ नेमकी कुठे ओढता ते सांगा. काच बदलली तर चालते, ती काय मूळ नव्हती? वायसर मूळ नव्हते? मशीनमधलं एखादं चाक बदललं तर? सगळं चालतं, फक्त तुमच्या डोळ्यांना दिसणारा पिवळेपणा तेवढा पवित्र! ही आवड आहे, तत्त्व नाही.

काळा_बेझल

प्रश्न योग्य आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

काही भाग झिजण्यासाठीच बनवलेले असतात. वायसर, स्प्रिंग, तेल, काच. कारखान्यानेच ते बदलायचे ठरवले होते आणि सर्व्हिसिंगच्या पुस्तकात तसं लिहिलं होतं. ते बदलणं म्हणजे घड्याळ बनवणाऱ्याचंच सांगणं पुढे चालवणं. तबकडी ही घड्याळाची ओळख. ती बदलायची म्हणून कोणी बनवली नाही. माझी रेघ तिथे आहे आणि ती पुसट नाही.

अंधारात वाचण्याबद्दल: १९८० च्या घड्याळाने आज पाण्याखाली जीव सांभाळावा ही अपेक्षा मी करत नाही, तुम्हीही करू नये. रोज पाण्यात घालायला काही हवं असेल तर रशियाचं वोस्तोक अँफिबिया घ्या. १९६७ पासून निघतंय, २०० मीटरचं, आणि त्याचं मागचं झाकण असं बसवलंय की पाण्याचा दाब वाढेल तसं ते वायसरवर आणखी घट्ट दाबलं जातं. त्याच्यावर हवी तशी हौस करा, भाग मुबलक मिळतात.

आणि त्या मुलाला अडाणी मी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. माझा राग दुकानावर आहे. त्याला कोणी विचारलंच नाही. "काळी तबकडी ठेवू का, नुसती साफ करू का, काचेनेच उजळेल" एवढं एक वाक्य कोणी बोललं असतं तर कदाचित त्याने तेच निवडलं असतं. मी त्यांना फोन करून विचारलं, जुनी तबकडी परत मिळाली का? नाही. तीच रंगवली.

जुळे_सोलापूर

न विचारता रंगवली असेल तर ते वाईट, इथे मी तुमच्या बाजूने. पण विचारूनही त्याने निळीच मागितली असती तर मी आजही त्याच्याच बाजूने उभा राहिलो असतो.

पेठेतली_संग्राहक

आणि मी विरुद्ध. दादांच्या कागदाच्या पुडीसकट मात्र चाललं असतं.

विहिरीतला_सूर

ठीक, शनिवारी सोलापुरात येतोय. आजोबांचं सिटीझन घेऊन दुकानात येऊ का? तबकडी तशीच ठेवायची, ठिपक्यांनाही हात नाही. पोहताना घालता आलं तर हवं, नाहीतर काठावर ठेवेन.

दुकानातला

या की ओ. तोवर चावी ओढू नका, फिरवूही नका, आटे आहेत तसे राहू द्यात. काचेच्या आत वाफ धरलेली दिसली तर मात्र शनिवारची वाट बघू नका, त्याच दिवशी आणा. तांदळात वगैरे ठेवू नका. दाब धरला तर विहीर, नाही धरला तर काठ, ते त्या भांड्यातच ठरेल.