शब्दचर्चा : हाल, अहवाल आणि मुक्काम

वाटसरू :

सूफी विचारांवर थोडं वाचन चालू आहे. त्यात पदोपदी 'हाल' येतो, आणि समजावलेलं असतं की हाल म्हणजे साधकाला देवाकडून मिळालेली देणगी. तिथेच अडलोय. आपल्याकडे ज्याचे हाल होतात त्याला देणगी मिळाली असं कोणी म्हणत नाही. त्याचे हाल कुत्रं खात नाही. हा तोच शब्द, की नुसता सारखा दिसणारा? जोडीला 'मकाम' नावाचा शब्दही आहे. तो आपला मुक्काम का?

बहुरंगी :

हाल म्हणजे गाथासप्तशतीवाला सातवाहन राजा ना? :)

जुनी वही :

बहुरंगी, तो हाल आपला प्राकृतातला. त्याचा इथे संबंध नाही.

वाटसरू, दोन्ही शब्द तेच आहेत. अरबीत 'हाल' म्हणजे स्थिती, मग ती बरी असो की वाईट. मराठीनं मात्र त्याला अनेकवचनात घालून कायमचा रडवलाय : हाल झाले, हाल काढले, हालअपेष्टा. 'कसा काय हालहवाल' मध्ये अजून जुना तटस्थ अर्थ धुगधुगी धरून आहे. 'बहाल' मध्येही तो आहे. ब-हाल म्हणजे होत्या स्थितीत. काढून घेतलेलं वतन परत चालू केलं की ते बहाल झालं; पुढे नव्यानं दिलेलंही बहालच म्हणू लागले. आणि 'हल्ली' सुद्धा याच घरचा. हाल म्हणजे चालू घडी, हाली म्हणजे सध्याचं, त्याचं आपण केलं हल्ली. क, ल असली अक्षरं दाबून म्हणायची आपल्याला खोडच आहे : अक्ल ची अक्कल, मुकाम चा मुक्काम.

आता गंमत ऐका. हालचं अरबी अनेकवचन अहवाल. म्हणजे संस्थेचा 'वार्षिक अहवाल' म्हणजे शब्दशः वर्षभराचे हाल. हौसिंग सोसायटीचं सेक्रेटरीपद ज्यांनी एकदा तरी केलंय त्यांना ही व्युत्पत्ती सांगावी लागत नाही.

वाटसरू :

बरं, पण देणगी कुठून आली त्यात?

जुनी वही :

ती सूफींची भर. इराणातल्या नीशापूरचे सूफी लेखक कुशैरी (मृत्यू १०७२) यांचं एक सुटसुटीत वाक्य आहे : 'अहवाल या देणग्या, आणि मकामात ही कमाई.' (मकामात हे मकामचं अरबी अनेकवचन.) वाटेवर चालताना साधक कष्टानं एकेक टप्पा गाठतो, तिथे टिकतो, तो मकाम. मध्येच एखादी अवस्था न मागता अंगावर येते आणि निघूनही जाते, तो हाल. आपण हात जोडून बसलो म्हणून येत नाही, धरून ठेवली म्हणून राहत नाही. कुशैरींच्या वाक्यात कमाईसाठी 'मकासिब' हा शब्द आहे. धातू क-स-ब. आपलं 'कसब' तिथलंच. मुळात कमाई, धंदा, मग त्यातलं कौशल्य.

बगदादचे शिहाबुद्दीन सुहरावर्दी (मृत्यू १२३४) यांनी तर थेट व्युत्पत्तीवरच बोट ठेवलं. हालचा धातू ह-व-ल, बदलणं, फिरणं. बदलतो म्हणून हाल, ठरतो म्हणून मकाम. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती सोपवणं म्हणजे हवाला, तोही याच धातूचा. चौकीवरचा हवालदार आणि सूफीचा हाल हे असे चुलतभाऊ निघतात. मकामचा धातू क-व-म, उभं राहणं. त्यातूनच आपला 'कायम'. काटेकोर बोलायचं तर मकाम म्हणजे उभं राहण्याची जागा आणि मुकाम म्हणजे उतरण्याची, राहण्याची. मराठीत आला तो दुसरा.

नगरी :

कव्वालीत 'हाल आया' म्हणतात तो हाच ना? आमच्याकडे उरुसाला रात्री कव्वाली रंगली की एखादा उठतो, घुमायला लागतो. लोक म्हणतात अंगात आलं.

जुनी वही :

हाच हाल, पण 'अंगात येणं' वेगळं. अंगात येतं तेव्हा कोणीतरी येतं, देवी, खंडोबा, कोणी पीरही. हालमध्ये दुसरं कोणी येत नाही, उलट आपण स्वतः जागेवरून हलतो. दिल्लीचे सूफी संत कुतबुद्दीन बख्तियार काकी यांची, त्यांच्या चिश्ती पंथाच्या परंपरेत सांगतात ती गोष्ट अशी : समा म्हणजे सूफींच्या गाण्याच्या बैठकीत कव्वालानं फारसी संतकवी अहमद-ए-जाम यांचा शेर म्हटला. अर्थ असा की, जे समर्पणाच्या खंजिरानं मेले त्यांना क्षणाक्षणाला अदृश्यातून नवा जीव मिळतो. त्या शेरावर काकींना हाल आला तो उतरेचना. पुन्हा पुन्हा तोच शेर म्हणायला लावत. चार दिवसांनी त्यातच गेले, १२३५ साली. मेहरौलीला त्यांचा दर्गा आहे.

आणि तुम्ही उरुसाचा विषय काढलाच आहे, तर 'उर्स' म्हणजे अरबीत लग्न. वलीचा, म्हणजे सूफी संताचा, मृत्यू म्हणजे प्रियकराशी मीलन, म्हणून पुण्यतिथीला उर्स. आपल्या उरुसात पाळणे, रेवड्या आणि कुस्त्यांचा फड. लग्नाशी नातं उरलंय ते फक्त गर्दीपुरतं.

बहुरंगी :

म्हणजे मराठीत एवढे सूफी शब्द आहेत तर! सूफी संतांनी आपल्या भाषेला काय काय दिलं पाहा.

जुनी वही :

इथे जरा सबूर. हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं आणि ऐकायला छान वाटतं, पण अहवाल, मुक्काम, बहाल हे शब्द कोणा अवलियानं आपल्याला दिलेले नाहीत. ते बहमनी, निजामशाही, आदिलशाहीच्या दफ्तरातून फारसीमार्गे आले. लष्कराचा मुक्काम, परगण्याचा अहवाल, इनामाची बहाली. शिवाजीमहाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला तो असल्याच शब्दांची कारभारात गर्दी झाली होती म्हणून.

मराठीत अरबी-फारसी शब्द दोन दारांनी आले. एक दरबार, दुसरं दर्गा. (दोन्हींत फारसी 'दर' म्हणजे दार आहेच.) उरूस, पीर, मुरीद, अवलिया, मलंग ही दर्ग्याच्या दारानं आलेली मंडळी. अवलिया तर वलीचं अनेकवचन, ते आपण एकवचनी केलं आणि पुन्हा 'अवलिये' असं त्याचंही अनेकवचन पाडलं. 'असामी'चंही तेच. मुळात 'नावं', आपल्याकडे एक माणूस.

पण सगळ्यांत मजा तिथे, जिथे एकच शब्द दोन्ही दारांशी उभा दिसतो. तूसचे अबू नस्र सर्राज (मृत्यू ९८८) यांनी वाटेवरचे सात मकाम सांगितलेत. क्रमानं घेतो.

पहिला तौबा. मूळ अर्थ मागे वळणं, परतणं. आपण कशासाठी वापरतो? 'सव्वाआठच्या लोकलला तोबा गर्दी.' दुसरा वरअ, म्हणजे संशयास्पद गोष्टीलाही हात न लावणं. हा मराठीत आलाच नाही, यावर भाष्य करत नाही. तिसरा जुहद, विरक्ती. यातला जाहिद उर्दू गझलेत टोमणे खायला उरला, मराठीत नाही. चौथा फक्र, दारिद्र्य, त्यातून फकीर. पाचवा सब्र. हा आपल्याकडे शिर्डीमुळे प्रत्येक रिक्षाच्या मागच्या काचेवर आहे : श्रद्धा आणि सबुरी. सहावा तवक्कुल, सगळा भार देवावर टाकणं. धातू व-क-ल. ज्याच्यावर भार टाकायचा तो वकील! कुराणात (३:१७३) देवालाच 'उत्तम वकील' म्हटलंय. तारखेवर तारीख घेणाऱ्याकडे पाहून हा अर्थ सुचणं अवघड आहे, पण वकीलपत्रावर सही करताना आपण करतो ते तवक्कुलच.

सातवा रिजा. देव ठेवील तसं मनापासून मानून घेणं. फारसी उच्चार रजा. म्हणजे मर्जी, संमती, म्हणून परवानगी, म्हणून सुट्टी. सूफीच्या सात पायऱ्यांतली शेवटची पायरी ती आपल्या हापिसात 'किरकोळ रजा'. त्याचाच भाऊ राजी. राजीनामा म्हणजे मुळात संमतीचा कागद. जुन्या मुंबई इलाख्यात कुळानं जमीन सोडली की राजीनामा लिहून द्यायचा आणि नव्या कुळानं कबुलायत. त्यातला 'सोडणं' हा अर्थ राहिला आणि संमती गळून पडली. आता तर बहुतेक राजीनामे नाराजीनंच दिले जातात.

मराठवाडा :

रजाच्या कुटुंबात आमचा एक शब्द राहिला. रझाकार. रिजा अधिक कार, आपखुशीनं काम करणारा, स्वयंसेवक. शब्द म्हणून त्यात वाईट काहीच नाही. पण निजामाच्या बाजूनं दहशत घालणाऱ्या सशस्त्र टोळ्यांचं ते नाव झालं, आणि आमच्या आजीपुढे तो नुसता उच्चारला तरी ती दाराच्या कडीकडे बघायची. सप्टेंबर १९४८ नंतर ती चाळीस वर्षं जगली, ती सवय गेली नाही. कोशात अर्थ काही का असेना.

जुनी वही :

खरंय. याला काय जोडणार.

वाटसरू :

एक शंका. दफ्तरातले शब्द दफ्तरातूनच आले हे पटलं. पण मग सूफींनी आणि तत्त्वज्ञांनी आपल्या इतक्या आतल्या अनुभवांना असे कचेरीतले शब्द का लावले?

जुनी वही :

कारण तेव्हा ते कचेरीचे नव्हते, बाजारातले आणि वाटेवरचे होते. त्यांनी नवे शब्द घडवत बसण्यापेक्षा रोजचे उचलले. बगदादचे हारिस मुहासिबी (मृत्यू ८५७) यांचं 'मुहासिबी' हे नाव पडलं ते रोज स्वतःच्या मनाचा हिशेब घेत म्हणून. हिशेब तोच, वाण्याचा.

इब्न सीनांचं उदाहरण तर मला फार आवडतं. वैद्यक आणि तर्कशास्त्राचा हा माणूस (मृत्यू १०३७, हमदान). 'इशारात' या ग्रंथाच्या शेवटाकडे त्यांनी एक प्रकरण चक्क 'ज्ञात्यांचे मकामात' या नावानं लिहिलंय. तिथे ते म्हणतात की, ज्याला आतलं ज्ञान नाही त्याची विरक्ती म्हणजे एक 'मुआमला' आहे, जणू तो इहलोकीचं 'मताअ' देऊन परलोकीचं मताअ विकत घेतोय. आता हे दोन शब्द मराठीत बघा. मुआमला म्हणजे आपला मामला, देवघेव, त्यावरून मामलेदार. मताअ म्हणजे मालमत्तेतली मत्ता. त्या वाक्यातला उपहास समजायला मराठी माणसाला कोश लागू नये : स्वर्गासाठी केलेला उपास म्हणजे तहसील कचेरीतला खरेदीखताचा व्यवहार. चोख, पण व्यवहारच.

गजालींनी (मृत्यू ११११) त्याच मुआमल्याला वरची जागा दिली. आचरणात आणायची विद्या ती 'मुआमल्या'ची, आणि पडदा उठल्यावर दिसतं ती 'मुकाशफ्या'ची. दुसरी पुस्तकात लिहायची नाही असं बजावून त्यांनी आपला थोरला ग्रंथ पहिलीवरच लिहिला. म्हणजे इब्न सीनांनी ज्या शब्दानं चिमटा काढला, त्याच शब्दावर गजालींनी इमला उभा केला. माझं मत विचाराल तर शब्दाची नस इब्न सीनांनी जास्त बरोबर पकडली.

नगरी :

आमच्या वडिलांना आलेली जुनी पोस्टकार्डं आहेत घरात, पिवळी पडलेली. पत्त्याच्या चार ओळी कायम एकाच साच्यातल्या : मु. पो. अमुक, ता. अमुक, जि. नगर. मु. म्हणजे मुक्काम हे आज पुन्हा पाहिलं. तालुक्याचं काय?

जुनी वही :

तअल्लुक, म्हणजे लटकलेलं असणं, गुंतणं, लागाबांधा. अमक्याच्या अखत्यारीला जोडलेला मुलूख तो तालुका. हेच तअल्लुक तोडा म्हणून सूफी जन्मभर सांगत राहिले. जिल्हा हा जिलअ, बरगडी किंवा बाजू. म्हणजे तुमच्या वडिलांच्या कार्डावर एक टप्पा, एक पाश आणि एक बरगडी आहे. पोस्ट तेवढं इंग्रजांचं.

बहुरंगी :

'हवालदिल' राहिला. तोही हवालाच्या किंवा हालहवालच्या घरचा का?

जुनी वही :

नाही, फसवा आहे. तो 'हौल' पासून, म्हणजे धास्ती. धास्तावलेल्या दिलाचा तो हौलदिल. त्यातला 'ह' सुद्धा अरबीत वेगळा, आपल्या लिपीत दोघांना एकच अक्षर मिळालं म्हणून ते भाऊ वाटतात.