मदत हवी आहे : ३६ किलोवॉटच्या ओव्हन हीटरसाठी कॉन्टॅक्टर, एसएसआर की थायरिस्टर?

भोसरीतील आमच्या लहान कारखान्यात पावडर कोटिंगचा ओव्हन आहे. त्यात फिन असलेले ३६ किलोवॉटचे हीटर ४१५ व्होल्ट थ्री-फेजवर डेल्टा जोडणीत, न्यूट्रलशिवाय बसवलेले असून प्रत्येक फेजला सुमारे ५० अँपिअर प्रवाह जातो. हवा ब्लोअरने फिरते आणि तापमान १८० ते २०० अंशांदरम्यान राखायचे असते. सध्या पीआयडी कंट्रोलर (तापमान नियंत्रक) २० सेकंदांच्या सायकलने कॉन्टॅक्टर (विद्युतचुंबकाने चालणारा स्विच) चालवतो. म्हणजे तासाला सुमारे १८० वेळा, आणि दोन पाळ्यांत वर्षाचे ३०० दिवस धरले तर आठ लाखांहून अधिक वेळा तो उघडझाप करतो. एसी-१ (हीटरसारख्या रोधक भारासाठीचे) रेटिंग पुरेसे असूनही कॉन्टॅक्ट लवकर जळतात, हे या हिशेबावरून समजते. सायकल ६० सेकंदांची केली तर कॉन्टॅक्टरचे आयुष्य वाढेल, परंतु पातळ पत्र्याच्या मालावर तापमानाचा चढउतार दिसेल, अशी शंका वाटते.

थायरिस्टर या इलेक्ट्रॉनिक स्विचने फेज-अँगल नियंत्रण (प्रत्येक अर्ध्या लहरीचा काही भागच हीटरला देणे) करण्याचा सल्ला एका पॅनेलवाल्याने दिला. मला तो पटलेला नाही. सिलिकॉन कार्बाइडचे घटक किंवा ट्रान्सफॉर्मरमागचा भार असता तर गोष्ट वेगळी होती. साध्या नायक्रोम हीटरसाठी हार्मोनिक्स (वीजलहरीतील विकृती) आणि घसरलेला पॉवर फॅक्टर ओढवून घेण्याचे कारण दिसत नाही. त्यामुळे झिरो-क्रॉस एसएसआरकडे, म्हणजे व्होल्टेज शून्याजवळ असतानाच चालू होणाऱ्या सॉलिड-स्टेट रिलेकडे (हलते भाग नसलेला स्विच), माझा कल आहे.

अडचण उष्णतेची आहे. एसएसआरवर साधारण एक ते दीड व्होल्ट पडतात, म्हणजे ५० अँपिअरला प्रत्येक फेजमागे ५० ते ७५ वॉट उष्णता बंद पॅनेलमध्ये साठणार. उन्हाळ्यात ओव्हनशेजारच्या त्या पॅनेलचे अंतर्गत तापमान आधीच बरेच असते, म्हणून मोठा हीट सिंक, पंखा आणि ९० ते १०० अँपिअरचे एसएसआर घ्यावेत, असा विचार आहे. दुसरा मार्ग म्हणजे २४ किलोवॉटचा पायाभूत भार कॉन्टॅक्टरवर ठेवून उरलेले १२ किलोवॉटच एसएसआरवर चालवणे. कोणी असे केले आहे का?

मला अधिक काळजी सुरक्षिततेची आहे. एसएसआर बिघडतो तेव्हा बहुधा शॉर्ट होतो आणि हीटर चालूच राहतो. त्या वेळी कंट्रोलर काहीही करू शकत नाही. म्हणून एसएसआरच्या मालिकेत एक वेगळा कॉन्टॅक्टर देऊन त्याची कॉइल स्वतंत्र सेन्सरच्या थर्मोस्टॅटमधून आणि ब्लोअरच्या इंटरलॉकमधून न्यायचे ठरवले आहे. तो क्वचितच उघडणार असल्याने त्याच्या झिजेचा प्रश्न नाही. फ्यूजबाबत मात्र निर्णय होत नाही. नेहमीचा एचआरसी (मोठा शॉर्ट-सर्किट प्रवाह तोडू शकणारा) फ्यूज उडेपर्यंत एसएसआर जळून गेलेला असतो, आणि अतिशीघ्र उडणारे सेमीकंडक्टर फ्यूज महाग पडतात. तुम्ही प्रत्यक्षात काय वापरता?

शेवटचा प्रश्न असा : न्यूट्रल नसल्याने दोनच फेज एसएसआरने तोडल्या तरी हीटर बंद होतो आणि पॅनेलमधील उष्णताही एक तृतीयांशाने घटते. मात्र तिसरी फेज थेट राहिल्याने बंद हीटरवरही व्होल्टेज असते. शिवाय एसएसआर बंद असतानाही काही मिलिअँपिअर गळती असतेच. देखभालीपूर्वी आयसोलेटर उघडण्याची शिस्त पाळली जाते, हे गृहीत धरून दोन फेजची पद्धत स्वीकारावी का, की तिन्ही फेज तोडणेच योग्य? जाणकारांनी कृपया कारणासह सांगावे.