अथेन्सहून गाडीने तीन दिवस: नाफ्प्लिओ, डेल्फी की मेटेओरा?

प्रश्न
शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आहे. दोन मोठी माणसं, पाच वर्षांचं मूल, भाड्याची छोटी पेट्रोल गाडी. शनिवारी सकाळी अथेन्स सोडून सोमवारी रात्रीपर्यंत परत यायचं. नाफ्प्लिओ, डेल्फी, मेटेओरा एकाच फेरीत बसतील का? टोलसाठी आधी काही काढावं लागतं का? आणि उत्तर ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहराची मंडळी अशा सुट्टीत कुठे जातात?

नकाशेवाला
तिन्ही बसणार नाहीत. नाफ्प्लिओ हे बंदराचं गाव पेलोपोनीज द्वीपकल्पात, सुमारे १४० किमी. प्राचीन अवशेषांचं डेल्फी वायव्येला, १८० च्या आसपास. मेटेओराच्या, म्हणजे उंच खडकांवरच्या मठांच्या पायथ्याचं कलाम्बाका गाव सुमारे ३५० किमी. तिन्ही जोडली तर मूल गाडीतच मोठं होईल.

अशा जोडसुट्टीला तिकडे 'त्रिइमेरो' म्हणतात आणि त्यात अर्धं अथेन्स बाहेर पडतं. म्हणून ठिकाण जातानाच्या अंतरावर नाही, परतीच्या रस्त्यावर ठरवा. शहरात शिरायची मुख्य दारं दोनच: पेलोपोनीजकडून एलेफसिनाचा टोलनाका, उत्तरेकडून आफिद्नेसचा. सोमवारी दुपारनंतर दोन्हीकडे रांगा लागतात. नाफ्प्लिओहून जेवण लवकर उरकून निघालं की निभतं. कलाम्बाकाहून तसंच निघालात, तर नेमके ऐन गर्दीत आफिद्नेसला पोचता.

मुलासोबत नाफ्प्लिओच घ्या. जाताना कोरिंथच्या कालव्यावर थांबा. सहा किमीहून थोडा लांब, १८९३ चा. जुन्या पुलावरून सरळ खाली दिसतो, पण त्यासाठी महामार्ग सोडून जुन्या रस्त्याला लागावं लागतं. मग मायसेनीचे प्राचीन अवशेष, संध्याकाळी नाफ्प्लिओ. दुसऱ्या दिवशी एपिडाव्ह्रोसचं प्राचीन नाट्यगृह, जेमतेम तीस किमी. पालामिदी किल्ल्याच्या ९९९ पायऱ्या सांगतात, पण वरच्या दरवाजापर्यंत गाडीरस्ता आहे. जुन्या गावात गाडी घालू नका, बंदराजवळच्या मोठ्या वाहनतळावर लावा.

टोलनाका
टोलबद्दल. स्टिकर-विनेट वगैरे काही नाही, नाक्यावरच भरायचं. कारला एका नाक्यावर साधारण २ ते ४ युरो, आणि नाके बरेच. भाड्याच्या गाडीत ट्रान्सपॉन्डर (आपोआप टोल भरणारं, आपल्या फास्टॅगसारखं यंत्र) आहे का ते गाडी घेतानाच विचारा. नसेल तर 'ई-पास'च्या रांगेत शिरू नका. फाटक उघडत नाही आणि मागे भोंगे सुरू होतात. माणूस बसलेली खिडकी निवडा, सुटे जवळ ठेवा.

भारतीय लायसन्स असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच, आरटीओकडून काढून न्यावा लागतो. ग्रीसमध्ये पोचल्यावर तो मिळत नाही. चाइल्ड सीट बुकिंगमध्येच मागा, ऑटोमॅटिक हवी असेल तर तीही, कारण सुट्टीत आधी त्याच संपतात. करारात टायर, काच आणि गाडीचा तळ विम्यात आहे का ते वाचा. कच्च्या रस्त्यावर नेल्यास किंवा न विचारता फेरीबोटीवर चढवल्यास विमा सहसा लागू होत नाही.

इंधन भरताना 'अमोलिव्दी' म्हणजे शिसंविरहित पेट्रोल. रविवारी गावातले बरेच पंप बंद असतात, त्यामुळे शनिवारीच टाकी भरा.

उत्तरवाट
वरच्या दोघांनी तारखांचं सांगितलं नाही. २५ मार्च, १ मे आणि ईस्टरच्या रविवारी (ऑर्थोडॉक्स ईस्टर, आपल्या कॅलेंडरवरच्या तारखेशी दरवेळी जुळत नाही) सरकारी पुरातत्त्वस्थळं बंद. २८ ऑक्टोबरला मात्र उघडी आणि फुकट. २५ मार्चला जोडून डेल्फी ठरवलंत, तर हॉटेल भरलेलं आणि स्थळाला कुलूप, अशी गंमत होते.

थेसालोनिकीकर उन्हाळ्यात हाल्किदिकीच्या समुद्रकिनाऱ्यांवर पळतात. परतीला नेआ मूदानियापासून शहरापर्यंत रांग, त्यात रिंगरोडवर फ्लायओव्हरचं काम. किनाऱ्याचा हट्ट नसेल तर एदेसा बघा: ९० किमी, गावातच धबधबा, पुढे पोझारचे सुमारे ३७ अंशांचे गरम झरे. पाणी कोमट वाटतं, पण हिवाळ्यात तेच सुख. किंवा केर्किनी तलाव: पेलिकन आणि पाणम्हशी, गर्दी कमी.

नकाशेवाला
डेल्फीच निवडलंत तर एक पुरवणी. परतताना आफिद्नेस तुंबलं असेल, तर थिवाहून एरिथ्रेस-मांद्रा मार्गे जुना रस्ता एलेफसिनाला उतरतो. वळणं भरपूर, मुलाला गाडी लागत असेल तर नको. हिवाळ्यात डेल्फीजवळच्या आराखोवा गावाकडे (उंची साडेनऊशे मीटरच्या वर) जाताना बर्फासाठी टायरला लावायच्या साखळ्या डिकीत हव्यातच. बर्फ पडला की पोलीस त्यांच्याशिवाय पुढे सोडत नाहीत. गाडीसोबत मिळाल्या तर टायरच्या मापाशी आधी ताडून बघा, अंधारात बर्फात ते काम जमत नाही.