वळिवड्याच्या छावणीतलं पोलिश कुटुंब पुढे कुठे गेलं, हे कसं शोधायचं?

पंचगंगाकाठ
वळिवड्याची छावणी 1943 ते 1948, सुमारे पाच हजार पोलिश माणसं, नंतर तिथेच सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झालं, इथपर्यंत कोल्हापुरात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पुढचं मात्र 'मग ते मायदेशी परतले' एवढ्यावर उरकलं जातं. स्थानिक इतिहासाच्या प्रदर्शनासाठी एक फलक करायचा आहे. समजा फोटोमागे आईचं नाव-आडनाव, दोन मुलींची नावं, 'विल्नो' आणि '1946' एवढंच लिहिलंय. यावरून कुटुंब कुठे गेलं ते काढता येईल का? सुरुवात कुठून करावी?

जुनं_दप्तर
फलकावरून 'मायदेशी परतले' आधी काढा. थोडे लोक पोलंडला गेले, पण बहुतेकांना परतायला गावच पोलंडमध्ये उरलं नव्हतं. ही कुटुंबं मुख्यतः पूर्व पोलंडची. 1940-41 मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना सैबेरिया, कझाकस्तान, अर्खांगेल्स्ककडे हद्दपार केलं. 1941 च्या ऑगस्टमध्ये 'माफी' मिळाली आणि 1942 मध्ये जनरल आंदेर्स यांच्या पोलिश सैन्याबरोबर बायकामुलंही कास्पियन ओलांडून इराणला पोचली. तिथून काही कराचीमार्गे इकडे आली. फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टाला तो पूर्व भाग सोव्हिएत संघाकडे गेला. जुलै 1945 मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. तुमचं विल्नो म्हणजे आजच्या लिथुआनियाचं व्हिल्नियस.

आता शोधाची किल्ली. पहिला प्रश्न हा विचारा: घरातला कोणी ब्रिटिश हुकमतीखालच्या पोलिश सैन्यात होता का? नवरा, मुलगा, भाऊ, कोणीही. 1946 मध्ये ब्रिटनने या सैनिकांसाठी पुनर्वसन दल काढलं, मार्च 1947 मध्ये त्यांच्यासाठी कायदा केला आणि अवलंबून असलेल्या कुटुंबीयांना ब्रिटनला आणायची सोय झाली. वळिवड्याहून ब्रिटनला गेलेल्यांचा मोठा भाग या वाटेने गेला. म्हणून बाईंच्या नावावर थेट शोध घेण्याआधी त्याच आडनावाचा सैनिक शोधा. सेवेच्या नोंदीत जवळच्या नातेवाइकाचा पत्ता भारतातल्या छावणीचा निघाला, तर अर्धं काम झालं.

मग जहाजाची यादी. मुंबई सोडतानाचा कागद शोधत बसू नका, ब्रिटनला उतरतानाचा शोधा. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'बीटी 26' या मालिकेत 1960 पर्यंतच्या येणाऱ्या प्रवाशांच्या याद्या आहेत. चढण्याचं बंदर मुंबई, वर्षं 1947 आणि 1948, असं गाळून घ्या. सैनिकी वाहतुकीच्या सगळ्याच जहाजांची यादी तिथे असते असं नाही. त्यामुळे नाव मिळालं नाही म्हणजे ते गेलेच नाहीत, असा निष्कर्ष नको.

लिपीकार
वरच्या पद्धतीत लोक अडकतात ते नावांपाशी. पोलिश आडनाव बाईचं असेल तर शेवट बदलतो: नवरा कोवाल्स्की, बायको आणि मुलगी कोवाल्स्का. ब्रिटिश कारकून कधी आख्ख्या घराला '-स्की' लावून मोकळा व्हायचा, म्हणून दोन्ही रूपं शोधा. दुसरं म्हणजे पोलिशमधला रेघ मारलेला 'एल' टंकयंत्रावर नसे, तिथे साधा 'एल' पडायचा, आणि हस्ताक्षरात तोच कधी 'टी' वाचला जातो. मराठी बातम्यांतली देवनागरी नावं तर शोधाला निरुपयोगी. 'वावरिन्येत्स'चा उलटा प्रवास रोमनमध्ये अचूक होणं अशक्यच. फोटोमागची अक्षरं जशीच्या तशी टिपून घ्या.

जन्मसालावर तीन-चार वर्षं इकडेतिकडे ठेवा. सोव्हिएत मुलखातून निघताना सैन्यात कॅडेट म्हणून घुसायला मुलांची वयं वाढवली जायची, अनाथालयाच्या यादीत बसवायला घटवली जायची, आणि तेच आकडे पुढे कायम झाले. सोव्हिएत कागदात मधलं नाव वडिलांवरून असतं. हद्दपारांची सूची वॉर्सातल्या 'कार्ता' संस्थेने केली आहे, तिथे वडिलांचं नाव हाच दोन सारख्या नावांतला फरक ओळखायचा उपाय.

आणि जाता जाता: फलकावर जामसाहेबांचा (नवानगर संस्थानाच्या राजांचा) फोटो लावू नका. त्यांची छावणी म्हणजे बालाचडी, जामनगरजवळची मुलांची छावणी, ती 1946 मध्ये बंद झाल्यावर तिथली बरीच मुलं वळिवड्याला आली. व्हॉट्सॅपवर दोन्हींची खिचडी केव्हाच झाली आहे.

पंचगंगाकाठ
खूप मदत झाली. पण सैनिक कोणीच निघाला नाही तर? आणि ब्रिटनच्या यादीत नसेल तर अमेरिकेतल्या निर्वासित कायद्याखालच्या नोंदी बघाव्या का?

खलाशी_नव्हे
अमेरिकेने सुरुवात नको. 1948 चा तो कायदा जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटलीतल्या विस्थापितांसाठी होता, आणि मूळ अट अशी की माणूस 22 डिसेंबर 1945 ला तिथे असला पाहिजे. कोल्हापुरात किंवा आफ्रिकेत बसलेलं कुटुंब या चौकटीतच येत नव्हतं. उरायचा तो नेहमीचा कोटा: पोलंडसाठी वर्षाला 6,524. 1950 च्या दुरुस्तीत ब्रिटनमधल्या माजी पोलिश सैनिकांसाठी 18,000 जागा निघाल्या. म्हणजे वळिवडेकर अमेरिकेत सापडले, तर बहुधा आधी ब्रिटनचा मुक्काम करून गेलेले. त्यांना शोधायचं ते पन्नाशीच्या दशकात, 1948 मध्ये नाही.

सैनिक नसलेल्यांपैकी काही पोलंडला गेले, काहींना पूर्व आफ्रिकेतल्या पोलिश छावण्यांत हलवलं: युगांडात कोजा आणि मासिंदी, टांगानिकात अरुशाजवळचं टेंगेरू. जुलै 1947 पासून निर्वासितांचं काम आयआरओ या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे आलं, आणि आफ्रिकेतून पुढची पांगापांग तिच्या हातून झाली. इथे कागद बदलतो. ब्रिटनची यादी सोडा, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जा. मोंबासाहून निघालेलं 'जनरल लँगफिट' हे जहाज फेब्रुवारी 1950 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला लागलं, त्यावर आफ्रिकेतल्या छावण्यांमधले अकराशेच्या वर पोलिश लोक होते. तिथे नुसती यादी नाही, माणसागणिक निवडीचा अर्ज मिळू शकतो, त्यावर फोटो, जन्मगाव, धंदा आणि वैद्यकीय शेरा. हा अर्ज हाती आला तर फलकाला पुरेल इतका मजकूर एका पानात आहे.

दोन इशारे. ऑस्ट्रेलियात दोन वर्षं सरकार सांगेल तिथे काम करायचा करार होता. बाप रेल्वे किंवा धरणाच्या कामावर, आई-मुलं शेकडो मैल दूर दुसऱ्या छावणीत. पत्ते वेगळे दिसले म्हणून कुटुंब मोडलं असं समजू नका. दुसरं, क्षयासाठी छातीचा एक्स-रे लागायचा. एकाच्या फुफ्फुसावर डाग दिसला की सगळ्या घराचा अर्ज लटकायचा, आणि कधी उरलेले पुढे जायचे. एका आडनावाची माणसं दोन जहाजांत किंवा दोन देशांत निघतात ती बरेचदा यामुळे.

जुनं_दप्तर
@पंचगंगाकाठ, ब्रिटनमधला माग यादीनंतर तुटला तर 'लंडन गॅझेट' हे सरकारी राजपत्र बघा. नागरिकत्व मिळालेल्यांची नावं, पत्ता आणि व्यवसाय त्यात छापत. फक्त लगेच 1949 चा अंक काढू नका. आधी पाच वर्षं वास्तव्य लागायचं, आणि पुष्कळांनी त्यानंतरही वर्षानुवर्षं अर्ज केला नाही. बाईंचं नाव तिथे नसेल तर मुलींची लग्नानंतरची आडनावं लागतील, त्यासाठी आधी ब्रिटनमधली विवाहनोंदीची सूची. आणि इथलं बघायला विसरू नका: कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं, त्यामुळे छावणीची जमीन, बांधकाम, पुरवठा यांचा पत्रव्यवहार मुंबई सरकारच्या कागदांत कमी आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात शोधण्यासारखा जास्त.