साठीला स्वतःला काय सांगाल? (अनुभव धागा)

साठ दिव्यांनी ओवाळून झालं, शांतीचा होम झाला, श्रीखंडपुरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून काय करायचं, ते इथे लिहू या. 'आनंदी राहा' सगळ्यांनाच पाठ आहे. मापं, आकडे, कागद सांगा. आपापल्या कामातलं, स्वतःलाच बजावल्यासारखं.

* * *

(बँकेतली नोकरी)

बाई, कपाटातल्या ठेवींच्या पावत्या आधी पलंगावर पसर. दोघांच्या नावच्या ठेवीवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कुणीही, किंवा मागे राहील तो) लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नकोस. मुदत संपल्यावर एकाच्या सहीने पैसे मिळतात. मुदतीआधी ठेव मोडायला दोघांच्या सह्या लागतात, आणि दोघांतलं एक गेलं तर मागे राहिलेल्याला वारसांची संमती आणायला सांगतात. नेमका तेव्हाच पैसा हवा असतो. एकाच्या पश्चात दुसऱ्याला ठेव मोडता येईल, अशी संमती दोघांच्या सह्यांनी आधीच देता येते, चालू ठेवीलासुद्धा. काउंटरवर आपणहून कुणी सांगत नाही, मागून घे.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, टक्केवारी घालून. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो फक्त पैसे ताब्यात घेणारा.

* * *

(वरच्यालाच जोडून, वकिलीतून)

मालकी मृत्युपत्राने ठरते. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. लागतात ते दोन साक्षीदार, तुझी सही होताना पाहून तुझ्यासमोर सह्या करणारे. ज्याला काही मिळणार आहे तो नको. आणि बाबा रे, कट्ट्यावरचा समवयस्क मित्रही नको! साक्ष द्यायची वेळ येईल तेव्हा तो असेलच असं नाही. तुझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी धाकटे दोघं बघ. डॉक्टरांचा त्याच तारखेचा दाखला जोडलास तर 'शुद्धीत नव्हते' म्हणणाऱ्याची पंचाईत होते.

* * *

(फिजिओथेरपी)

'मी रोज चार किलोमीटर चालते' हे कौतुकाचं, पण चालण्याने दम वाढतो, मांड्या फारशा नाही. खुर्चीवरून, संडासातून, एसटीच्या पायरीवरून उठवतात त्या मांड्या. साधी परीक्षा घे. १७ इंच उंचीची बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकव, हात छातीवर आडवे धर, ३० सेकंदांत पूर्ण उभं राहणं किती वेळा होतं ते मोज. ६० ते ६४ वयाच्या पुरुषाला १४ आणि बाईला १२ जमले नाहीत, तर काम करायला हवं.

काम म्हणजे हीच उठबस, आठवड्यातून तीन दिवस, दहा-दहाच्या तीन फेऱ्या. बहुतेकांचं चुकतं ते खाली येताना. धपकन बसलं की अर्धा व्यायाम बुडाला. एक, दोन, तीन मोजत टेकायचं. गुडघा कुरकुरला तर सोडून देण्याऐवजी खुर्चीवर घट्ट उशी टाकून उंची वाढवायची, महिन्याने काढायची.

खाणं कमी पडलं तर हे सगळं वाया. वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ६० किलोला ६० ते ७२ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, एका अंड्यात सहा. वरणभातावर हा हिशेब जमत नाही. दह्याची वाटी, मोड आलेली मटकी, पनीर, मासळी यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच.

* * *

(बाथरूमची कामं)

टॉवेलचा दांडा म्हणजे आधार नव्हे, ओढला की स्क्रूसकट हातात येतो. व्हॅक्यूमने चिकटणारी मूठ तर अजिबात नको. स्टीलचा आधारदांडा घे, फरशीपासून ३३ ते ३६ इंचांवर. आधी टाइल बोटाच्या पेराने वाजवून बघ. पोकळ वाजली तर मागे माल नाही, तिथे भोक नको. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून टाइल पार कर, मग चालू कर, नाहीतर टाइल तडकते. स्क्रू धरणारा प्लास्टिकचा प्लग टाइलमध्ये न अडकता विटेत दीड-दोन इंच गेला पाहिजे.

दार आत उघडत असेल तर आत पडलेला माणूसच दाराला अडतो. बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडतं कर आणि कडी बाहेरून उघडता येणारी घे.

* * *

एसटीवरून आठवलं: अर्धं तिकीट साठीला नाही, ६५ पूर्ण झाल्यावर. ७५ ला राज्याच्या हद्दीत फुकट. बायकांना अर्ध्या तिकिटासाठी मार्च २०२३ पासून वयाची अटच नाही.

* * *

(नर्सिंग)

रात्री पडलं की दोष ओल्या फरशीला दिला जातो. रक्तदाबही बघ, उठताना तो उतरला तरी माणूस पडतो. लघवीला जाऊन ये, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बस, पाय जमिनीवर, दंड काळजाच्या पातळीला; अर्ध्या तासात चहा झालेला नको. आकडा लिही. मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोज. वरचा आकडा २० ने उतरला तर रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस, तिन्ही आकडे वेळेसकट डॉक्टरांपुढे ठेव. तोवर रात्री पलंगाच्या कडेला मिनिटभर पाय सोडून बसायचं आणि मगच उठायचं.